एक भिंत पांढरी

फिनेलमावशीला जगात दोनच गोष्टींची किळस होती: घाण, आणि घाण करून वर तोंड करणारी माणसं. पहिलीवर तिच्याकडे फिनेल होतं. दुसरीवर औषध अजून निघालेलं नाही, नाहीतर तिनं त्याचे डबेच्या डबे आणून ठेवले असते.

नाव अर्थातच गल्लीनं ठेवलेलं. मावशी पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. डॉक्टरांचे पांढरे कोट, दुकानातल्या पोरींचे युनिफॉर्म, कुणाकुणाचे लग्नाचे सूट. या धंद्यात एक डाग पडला की गिऱ्हाईक गेलं, त्यामुळे ती आधी टेबल पुसायची, मग टेबलाखालची फरशी, मग उंबरठा, मग दारासमोरची पायरी. आणि एक पायरी स्वच्छ झाली की बाकीच्या डोळ्यांत खुपायला लागतात, म्हणून सगळा जिना. अर्धवट सोडलेलं काम पाहिलं की तिच्या अंगावर काटा यायचा. वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या मास्तरीणबाईंच्या बाल्कनीतून कुंडीचं पाणी ठिबकलं की मावशी फडकं घेऊन तडक वर. दोघींचं त्यामुळे कधीच पटलं नाही.

नवरा, म्हणजे गल्लीचा काका, छापखान्यात होता. शाईनं हात कायम काळे. त्याच्यासाठी दाराबाहेर बादली, पाण्याचा मग आणि साबणाची वडी ठेवलेली असायची, आणि हात धुतल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकायची मुभा नव्हती. छापखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली, शाई गेली, तरी काका बाहेरून आला की आधी बादलीकडे वळायचा. मुकाट्यानं हात चोळायचा, बायकोला दाखवायचा, मग आत. लग्न टिकवायचे मार्ग प्रत्येकाचे वेगळे असतात.

आग दुपारी लागली. मावशी इस्त्रीचे कपडे पोचवायला गेली होती, काका चौकातल्या बाकावर पेपर वाचत होता. ती परत आली तेव्हा तिच्या खिडकीतून धूर बाहेर पडत होता आणि आगीचा बंब खालून पाणी मारत होता. आगीनं जे ठेवलं ते पाण्यानं नेलं. वरच्या मास्तरीणबाईंचीही पुढची खोली गेली, पुस्तकांची कपाटं, हार्मोनियम, सगळं. जीव कुणाचा गेला नाही, आणि ही गोष्ट लोक मावशीला अशी सांगत होते की जणू ती व्यवस्था त्यांनीच केली होती.

दुसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. खोलीला तिचीच खोली म्हणायची सोय नव्हती. भिंती छतापर्यंत काळ्या, आणि तो काळा रंग सुका नव्हता, बोट लावलं की तेलकट राप हाताला चिकटायचा. गाद्या भिजून फुगलेल्या. प्लॅस्टिकच्या बादल्या, डबे, खुर्ची वितळून फरशीवर पसरलेली, थिजलेल्या शेंबडासारखी. डॉक्टरांच्या कोटांचा एकमेकांना चिकटून एक गोळा झाला होता. आणि वास. जळका, ओला, कडू वास, जो आधी नाकात जायचा, मग घशात, आणि तिथून हलायचं नावच घ्यायचा नाही. मावशी दारात उभी राहून दोनदा कोरडी ओकली. मग पदर खोचून तिनं बादली कुठे आहे ते पाहिलं. बादली फरशीवर वितळलेली होती.

इतक्यात मालक आले.

इमारतीच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. तळमजल्यावर त्यांचा बर्फाचा कारखाना होता. अंगावर कडक पांढरे कपडे, तेही मावशीनंच इस्त्री केलेले, आणि नाकाला अत्तर लावलेला रुमाल. जिन्यातल्या मीटरपासून खालच्या बर्फाच्या यंत्रापर्यंत त्यांनी जाड वायरी नेल्या होत्या, आणि त्या मावशीच्या भिंतीच्या पोटातून नेल्या होत्या, कारण तो रस्ता जवळचा. यंत्र चालू असलं की भिंत तापायची. मावशीनं किती वेळा सांगितलं, "भाऊसाहेब, भिंत गरम लागते हो." भाऊसाहेब हसायचे. "बरंच आहे की! थंडीत शेकोटी नको."

आता ते रुमालाआडून म्हणाले, "इस्त्री चालू राहिली असेल हो. घडतं माणसाकडून. मी काही मनात धरलेलं नाही."

कुणी तोंडात चिखल कोंबावा तसं मावशीला झालं.

"मी इस्त्री बंद करून गेले होते."

"असं वाटतं आपल्याला," भाऊसाहेब मायेनं म्हणाले. "वय झालं की वाटतं."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की फिनेलबाईनं इस्त्री चालू ठेवली आणि घर पेटवलं. मास्तरीणबाई जिन्यात समोर आल्या आणि तोंड फिरवून गेल्या. आयुष्यभर जिच्या हातून एक डाग पडला नाही, तिच्यावर हा डाग, आणि तोही दुसऱ्याच्या हातचा. सामान गेल्याचं दुःख मावशीला होतंच, पण ते एकीकडे राहिलं. मी नाही लावली आग, एवढं एक वाक्य कुणीतरी खरं मानावं, याच्यासाठी तिचा जीव तुटत होता.

मावशीच्या बहिणीची मुलगी वकील होती. मावशी आणि काका आता त्या बहिणीकडेच राहायला गेले होते. भाची खोली बघायला आली, ओढणी नाकाला लावून आत गेली आणि दिवाणाच्या मागे वाकली. तिथे इस्त्री पडली होती.

"मावशी, ही वायर अशी कशी?"

"कशी म्हणजे? मी गुंडाळून ठेवते. इस्त्री गार झाली की वायर मुठीला गुंडाळायची आणि प्लग आत खोचायचा. नाहीतर वायर जमिनीवर लोळते, तिला धूळ लागते."

वायर मुठीभोवती वेढे घेऊनच वितळली होती आणि प्लगही तिथेच मुठीला चिकटून बसला होता. इस्त्री बोर्डात लावलेलीच नव्हती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पलीकडे बोर्डाच्या भिंतीचं प्लास्टर फुटून आतल्या, बर्फाच्या यंत्राच्या जाड वायरी बाहेर आल्या होत्या, त्यांची टोकं वितळून गोळे झालेले. भाचीनं भराभर फोटो काढले आणि मग मावशीला जिन्यात नेऊन बसवलं.

"नीट ऐक. इस्त्रीनं आग लागली असं ठरलं, तर तुझं गेलेलं तर गेलंच, वर मालक आणि मास्तरीणबाई दोघंही तुझ्याकडे भरपाई मागतील. आणि वायरीनं लागली असं ठरलं, तर तुझ्या सामानाची भरपाई मालकानं द्यायची. भिंत गरम होते हे तू त्यांना सांगितलं होतंस, तरी त्यांनी काही केलं नाही, हे त्यांच्या अंगाशी येईल. आणि खोलीवरचा तुझा हक्क काही जळलेला नाही. खोली दुरुस्त करून द्यायला लावता येईल. कोर्टात जाऊ, पण आधी विजेच्या खात्याचा तपासणी अधिकारी येऊन बघू दे. तो जे लिहील त्यावर सगळं."

"फोटो काढलेस ना?"

"फोटोला ते म्हणतील, नंतर गुंडाळली वायर. साहेबानं जागेवर, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. तोवर तू काही करायचं नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे कशालाही हात लावायचा नाही. पुसायचं नाही, धुवायचं नाही, टाकायचं नाही. मालक काही देऊ करतील, खोली साफ करून देतो म्हणतील, नाही म्हणायचं. कुठे सही करायची नाही. कुलूप लाव आणि चावी तुझ्याजवळ ठेव."

मावशीला कुणी म्हणालं असतं, कोर्टाच्या पायऱ्या झिजव, तर तिनं त्या जाताजाता धुऊनही काढल्या असत्या. पण हात लावायचा नाही?

साहेबाची तारीख पडली आणि पुढे गेली. पुन्हा पडली, पुन्हा पुढे गेली. मावशी रोज येऊन कुलूप उघडायची, आत उभी राहायची, कुलूप लावायची. गाद्यांवर बुरशी आली, आधी पांढरी, मग हिरवट, केसाळ. फ्रिजचं दार उघडू नकोस असं भाचीनं बजावलं होतं, पण आत काय चाललंय ते दाराखालून झिरपणाऱ्या तपकिरी पाण्यावरून कळत होतं. त्या पाण्यात अळ्या वळवळायच्या. एकदा एक अळी तिच्या चपलेवर चढली. मावशीनं पाय झटकला, दाराशी आली, आणि कठड्याला धरून इतकी रडली की खालच्या कारखान्यातली माणसं बाहेर येऊन बघू लागली.

गल्लीला तर पर्वणीच. "फिनेलबाईच्या घरातून वास येतो हं!" असं म्हणताना लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. जिच्यापुढे उभं राहताना आपले पाय धुतलेत का हे आठवावं लागायचं, तिच्याच घरात अळ्या! माणसाला दुसऱ्याच्या घाणीचा एवढा आनंद का होतो कोण जाणे. होतो एवढं खरं.

भाऊसाहेब अधूनमधून भेटायचेच. "अहो, कसली कोर्टकचेरी घेऊन बसलात? जळत्या घराचा पोळता वासा, मिळेल ते पदरात पाडून घ्यावं. मी खोली साफ करून देतो, रंग काढून देतो. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की इस्त्री राहिली. तुमच्यासारख्या बाईनं असल्या उकिरड्यात रोज यायचं? मला बघवत नाही."

त्यांच्या अत्तराच्या वासानं मावशीला फ्रिजपेक्षा जास्त मळमळायचं. फ्रिजमध्ये जे कुजलं होतं ते निदान कुजल्यासारखं दिसत होतं.

"साफ मी करीन," ती म्हणायची. "वेळ आली की."

घरी मात्र तिचं काही धड नव्हतं. बहिणीच्या घरात ती तासन्‌तास केस धुवायची, तरी धुराचा वास जात नव्हता. झोपेत तिचे हात हलायचे, चादरीवर घासल्यासारखे पुढे-मागे, पुढे-मागे. काका शेजारी जागा राहून बघायचा. तो फार बोलणारा माणूस नव्हता. भाऊसाहेबांसमोर तर नाहीच. कधीकाळी भाडं थकलं तेव्हा भाऊसाहेबांनी सांभाळून घेतलं होतं आणि तेव्हापासून काकाची मान त्यांच्यासमोर वर झाली नव्हती. पुरावा, तपासणी, हक्क, हे भाची आणि बायको बोलत असत तेव्हा तो बशी धुवायला उठायचा. त्याला एवढंच दिसत होतं की बायको घाणीपायी झुरते आहे, आणि ती पोरगी तिला घाण काढू देत नाही.

साहेब ज्या दिवशी नक्की येणार असं शेवटी ठरलं, त्या सकाळी मावशी उठली तर काका अंथरुणात नव्हता. "जरा जाऊन येतो म्हणाले," बहीण म्हणाली. मावशीनं पर्स उघडली. चावी नव्हती.

इमारतीचा जिना चढताना तिला वास आला. फिनेलचा. इतक्या दिवसांनी तिचा स्वतःचा, ओळखीचा, घरचा वास. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या वासानं ती घाबरली; उरलेल्या पायऱ्या तिनं धावतच चढल्या.

दार सताड उघडं होतं. आत काका पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून उभा होता, हातात ब्रश, कोपरापर्यंत काजळी आणि चुना. बाजूला भाऊसाहेबांचा गवंडी थापी धूत होता. आणि दाराशी, पाय ओले होऊ नयेत अशा बेतानं, भाऊसाहेब.

तीन भिंती तशाच काळ्या होत्या. बोर्डाची भिंत पांढरी. घासलेली, भगदाड बुजवलेलं, वर ओल्या चुन्याचा हात. मेलेल्या माणसावर चादर घालावी तशी.

"अगं, आलीस? मी म्हटलं तू यायच्या आत उरकू," काका म्हणाला, आणि त्याचं तोंड लहान मुलासारखं फुललं होतं. "साहेब यायचा, आणि खोली अशी! तुला किती लाज वाटली असती. भाऊसाहेबांनी माणूस दिला मदतीला, सामान दिलं. आणि हे बघ."

त्यानं खिडकीतून इस्त्री उचलून पुढे केली. घासून आरशासारखी केलेली. मुठीवर वायर नव्हती, नुसते सुरीचे ओरखडे होते.

"वायर?" मावशीनं विचारलं.

"ती वितळली होती ना. चिकटून बसली होती. तासून काढली सगळी. कचऱ्यात गेली."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच म्हणतात, ते असं. इतक्या वर्षांत ती या माणसाला ओरडली नाही असा दिवस नव्हता. इथे डाग, तिथे शिंतोडा. आणि अख्ख्या जन्मात त्यानं आपणहून खोली घासली ती आज. तिला वाटलं, ती इस्त्री उचलून त्याच्या डोक्यात घालावी. मग तिला स्वतःचीच शिसारी आली. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं हे केलं नसतं. याला हे शिकवलं कुणी?

आणि तिला भाऊसाहेबांची युक्ती दिसली. कुलूप फोडलं असतं तर अंगावर आलं असतं. चावी घेऊन, बायकोच्या मायेपोटी आलेल्या नवऱ्याला कोण काय म्हणणार?

"बाकीच्या भिंतीही होतील आता," भाऊसाहेब म्हणाले. "चला, हात चालवा."

काकानं ब्रश बादलीत बुडवला.

"थांबा," मावशी म्हणाली.

"अगं, तीनच राहिल्यात..."

"एक बोट लावायचं नाही. अर्धवट राहू दे."

अर्धवट राहू दे! काकानं बायकोकडे असं पाहिलं, जणू ती भ्रमिष्ट झाली असावी. मावशीनं बादली उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि उंबरठ्यावर फतकल मारून बसली. ओल्या, काळ्या उंबरठ्यावर, स्वच्छ साडीनं.

साहेब आले तेव्हा भाची बरोबर होती. पांढरी भिंत बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मागोमाग मास्तरीणबाई, त्यांना भाऊसाहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं, इस्त्रीबद्दल सांगायला.

साहेब पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. "ही कुणी साफ केली?"

"आता काय सांगायचं साहेब," भाऊसाहेब पुढे सरसावले. "बाईंना सफाईचं वेड आहे. कुणालाही विचारा, गल्लीत नावच फिनेलबाई. चूक झाली, मनाला लागलं, आणि सगळं धुऊन टाकलं बिचारीनं. इस्त्री बघा कशी चकचकीत केलीय."

मावशीची सगळी जन्माची स्वच्छता त्या माणसानं उचलून तिच्याच तोंडावर फेकली होती. आणि गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर तो हेच म्हणाला असता.

मास्तरीणबाई भिंतीपाशी गेल्या. चष्मा वर करून त्यांनी खालचा कोपरा पाहिला, मग छताजवळची कड, जिथे चुन्याचे ओघळ काजळीत उतरून राखाडी झाले होते. त्यांनी नाक मुरडलं.

"ही हिनं घासलीय?" त्या म्हणाल्या. "छे! माझ्या कुंडीतला एक थेंब पडला तरी ही बया वर यायची. जीव नकोसा केला होता माझा. तीन भिंती काळ्या ठेवून एक घासायची, आणि तीही अशी, कोपरे सोडून? एक पायरी धुतली की जिना धुतल्याशिवाय राहत नाही ही. हिनं नाही घासली साहेब. मला ही आवडत नाही, पण हिनं नाही घासली."

"मग कुणी?" साहेबांनी विचारलं.

भाऊसाहेब काकाकडे बघून हसले. जुनं, सांभाळून घेणारं हसू. काकाची मान खाली गेली. खाली त्याचे हात होते, चुना आणि काजळीनं बरबटलेले. त्यानं एकदा त्या हातांकडे पाहिलं, एकदा उंबरठ्यावर घाणीत बसलेल्या बायकोच्या साडीकडे.

"मी घासली," काका म्हणाला. आवाज इतका बारीक होता की साहेबांना वाकावं लागलं. "मी. भाऊसाहेब म्हणाले, आधी ही भिंत. बाकीच्या नंतर. मला वाटलं, का बरं आधी हीच? पण विचारलं नाही." तो थांबला. मान वर आली, पुरती नाही, पण आली. "आतल्या वायरी यांच्या गवंड्यानं ओढून काढल्या. इस्त्रीची वायरही त्यातच टाकली. पोतं भरून खाली नेलं. मी म्हटलं, कचरा कोपऱ्यावर टाकू, तर म्हणाले नको, बर्फाच्या खोलीत ठेव."

भाऊसाहेबांनी रुमाल नाकाला लावला. "म्हातारा आहे साहेब, त्याला काय..."

साहेब तोवर जिना उतरायला लागले होते. भाची त्यांच्या मागे धावली, आणि भाऊसाहेब तिच्या मागे. मास्तरीणबाई जराशा घुटमळल्या, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, मग फ्रिजकडे बघून त्यांनी पदर नाकाला लावला आणि त्याही गेल्या.

खोलीत दोघंच उरली. काका बाहेर आला आणि सवयीनं बादलीकडे वळला. वाकला, नसलेल्या साबणासाठी हात पुढे केला.

मावशीनं त्याचं मनगट धरलं. काजळी तिच्या बोटांना लागली, बांगड्यांना लागली. तिनं हात सोडला नाही.

"हात धुऊ नका," ती म्हणाली. "साहेब वर येऊ देत. त्यांना बघू देत."